तपकिरी फ्रेम

दान हे दुःखाचं सर्वांत उदात्त रूप असतं, असं मुख्याध्यापिकाबाई दरवर्षी बारक्याच्या वाढदिवशी शाळेच्या सभागृहात सांगत. चष्म्याच्या दुकानाच्या मालकाला, म्हणजे बारक्याच्या बापाला, हे मनापासून पटायचं. या दुःखाने त्याच्या गोदामाची जवळजवळ अर्धी भिंत मोकळी केली होती.

त्या भिंतीला जाड तपकिरी फ्रेमांची खोकी लावलेली होती. कुण्या व्यापाऱ्याने गोड बोलून गळ्यात मारलेला माल. गिऱ्हाईक ती फ्रेम डोळ्यांवर चढवून आरशात बघायचं आणि लगेच खाली ठेवायचं. त्यातलीच एक बारक्याच्या नाकावर आली. त्याला शोकेसमधली निळी, तारेची हवी होती.

"तुझं धडपडायचं वय. नाजूक फ्रेम टिकायची नाही," बापाने निकाल दिला.

शाळेत पोरं त्याला कासव म्हणायला लागली. मग शाळेसमोरचा रस्ता ओलांडायच्या आधीच तो चष्मा काढून डबीत ठेवायचा. आईला हे त्याच्या वर्गातल्या एका मुलीने सांगितलं, पण तोवर त्याला ट्रकने उडवलं होतं. इस्पितळातून दप्तर घरी आलं, त्यात डबी, डबीत चष्मा. आईने तो नवऱ्यापुढे धरला.

"घालायला विसरला असेल," तो म्हणाला. चष्मा उलटसुलट करून बघितल्यावर त्याला राहवलं नाही. "ओरखडासुद्धा नाही, बघ."

तेव्हापासून गरजू मुलांना मोफत चष्मे सुरू झाले. काचा बसवायचं काम आईचं. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती फ्रेमच्या मापाने काचांच्या कडा घासायची. यंदा तिने मशीन बंद केलं.

"या खेपेला निळ्या द्यायच्या."

"कुठल्या निळ्या?"

"तुम्हाला माहितीये कुठल्या."

"अगं, फुकटच्या वस्तूचा रंग बघतं का कोणी? दिसायला लागलं म्हणजे झालं."

"त्यालाही दिसलं असतं. घातला असता तर."

"झालं तुझं सुरू?"

"त्याच्या नावाने चाललंय ना हे सगळं?"

"नाव त्याचं आहे. दुकान माझं आहे."

"मग काचा तुम्हीच बसवा."

"नको बसवूस. बाहेरून करून घेतो."

बाहेरचे लोक काचेचा मध्य चुकवतात, पोरांची डोकी दुखतात, हे तिला माहीत होतं. तिला माहीत आहे, हे त्यालाही माहीत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात माणूस एवढं तर शिकतोच. तिने पुन्हा मशीन सुरू केलं. फक्त एका मुलीच्या नंबरच्या काचा तिने निळ्या फ्रेममध्ये बसवल्या आणि ती डबी ढिगाच्या तळाशी सरकवली.

सभागृहात बाईंचं दुःखावरचं भाषण झालं. बारक्याच्या फोटोला हार होता. फोटोत चष्मा नव्हता. फोटोसाठीही तो काढायचाच. मालक एकेका मुलाला चष्मा चढवून टाळ्या घेत होता. शेवटच्या मुलीची डबी उघडली आणि त्याचा हात थांबला. मुलगी मात्र निळी फ्रेम बघून दोन्ही गालांनी हसली.

"हा चुकून आला, बाळ," तो म्हणाला आणि डबी खिशात टाकली. "तुझा उद्या पाठवतो हं. असाच. मजबूत."

टाळ्या तिच्यासाठीही वाजल्या.

आई फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. शाळा सुटली. तपकिरी चष्मेवाली पोरं घोळक्याने बाहेर आली. वाटेत कुणीतरी "ए कासव" म्हणालं, तशी एकाने चष्मा काढला, मग दुसऱ्याने. डब्यांची झाकणं पटापट बंद झाली आणि पोरं रस्त्याकडे निघाली. आई गाड्यांसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. हॉर्न वाजले, शिव्या ऐकू आल्या. पोरं पलीकडे गेली.

"रस्त्यात काय तमाशा लावलायस?" नवरा मागून येऊन म्हणाला. "चल, दुकान उघडायचंय."

"त्यांनी काढले, बघितलंत?"

"नवीन आहेत. होईल सवय."

संध्याकाळी निळी फ्रेम काचा काढून परत शोकेसमध्ये लागली. गोदामात अजून दोन वाढदिवसांना पुरतील इतकी खोकी होती.