लाल तुमार आणि टांगलेला टोप

मैदानावर दोनशे घोडे फुरफुरत होते. मुंडकं उडवलेला बोकड मध्यभागी रक्तात पडला होता; त्याच्यासाठी थोड्याच वेळात स्वारांची झोंबाझोंबी सुरू होणार होती. पण सगळे बघत होते ताईत देणाऱ्या तोलूबायकडे.

"स्वप्नात तुमार पांढरा दिसला तर घरात लग्न! लाल दिसला तर लोखंड अंगाला शिवणार नाही, खूर हाडाला लागणार नाही! कुणाला दिसला लाल?"

"मला," माझा धाकटा भाऊ कुबान म्हणाला.

तोलूबायने त्याच्या गळ्यातला तिकोनी चामडी ताईत, म्हणजे तो तुमार, बाजूला सारला. सुरीने घोड्याच्या शेपटीचा केस उडवून दाखवला. मग तीच धार कुबानच्या उघड्या पोटावर दोन्ही हातांनी दाबली. उचलली, तर नुसता वळ. रक्ताचा थेंब नाही.

लोक ओरडायला लागले. कुबानने डोक्यावरचा जाड टोप काढून फेकला.

बाबा गेल्याचा चाळिसावा दिवस परवाच झाला होता. त्यांनाही लाल दिसला होता. मी चहा ओतत होते तेव्हा त्यांनी स्वप्न सांगितलं आणि हसत टोप खुंटीला टांगून गेले. तिसऱ्या धडकेत ते खाली आले. त्यांच्या डोक्याची उजवी बाजू मला ओळखता आली नाही. हात ओळखले, मुठीत बोकडाचे केस होते. "लाल नसेलच दिसला त्याला, तपकिरी असेल," तोलूबाय मयतीला आला तेव्हा म्हणाला.

मी पुढे झाले. "ती सुरी द्या."

"ए मास्तरीणबाई, बाजूला हो! बोकडाऐवजी तुलाच उचलतील!" कुणीतरी ओरडलं.

सुरी मी तोलूबायच्या हातातून काढून घेतली.

"माझ्या गळ्यात तुमार नाही. चाळीस रात्रींत स्वप्नही पडलेलं नाही. बघा."

मी धार मनगटाखाली दाबली, सगळा जोर लावून. वळ उठला, तेवढंच.

"तुम्ही घरोघरी मेंढ्या कापता. मान कापताना सुरी नुसती दाबता?"

मी सुरी बोटभर ओढली. रक्त कोपरापर्यंत आलं.

"ताई!" कुबान ओरडला.

"आणि तीन रात्री लाल दोऱ्याचा तुमार उशाखाली ठेवून 'लाल, लाल' म्हणत झोपायला कुणी सांगितलं?"

"यानेच की!" एक म्हातारा स्वार म्हणाला. "मग काय हिरवा दिसणार?"

"पोरी, श्रद्धा नसली की..." तोलूबायने सुरुवात केली.

"तुमची आहे ना? मग करा पोट पुढे. या वेळी ओढते मी."

तो मागे सरला. कुबानचा चाबूक त्याच्या गालावर बसला. कातडी उसवली, त्याच्या पिशवीतले तुमार चिखलात पडले. दुसरा चाबूक उठला तेव्हा मी कुबानचा हात धरला. तो फटका बसावा असं मलाही वाटत होतं.

"त्याच्या गालाला तुमारने वाचवलं का?" मी विचारलं. "तुझ्या डोक्याला वाचवेल? टोप उचल."

त्याने उचलला. माझ्या रक्ताळलेल्या हातांनी मी त्याच्या हनुवटीखाली पट्टा आवळला.

स्वप्नं खुशाल बघा. बाबा तर रोज सकाळी सांगायचे, मला ती ऐकायला आवडायची. पण जागे झालात की विचार करा, आणि डोकं झाकून घोड्यावर बसा. आमच्या खुंटीवरच्या बाबांच्या टोपाला अजून एक ओरखडाही नाही.