शंभराचे चौऱ्याऐंशी

माझ्या नावामागे डॉक्टर आहे आणि त्या डॉक्टरकीत शंखजिऱ्याच्या पांढऱ्या भुकटीची भेसळ आहे. किती, तेही मला ठाऊक आहे. शंभर ग्रॅमला सोळा.

१९८८ साली मी जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. पीएच.डी.ची मुदत संपायला वर्ष उरलं होतं; ती हुकली असती तर सहा वर्षांची मेहनत पाण्यात आणि बढतीही हातची गेली असती. विषय होता बेरियम टायटॅनेटची भुकटी बनवण्याच्या पद्धती. रेडिओच्या आत ज्या बारीक चकत्या असतात, त्यांतल्या बऱ्याच या भुकटीच्या. सगळ्यात जुनी पद्धत अगदी साधी आहे. बेरियम कार्बोनेट, म्हणजे उंदरांना घालायचं ते विष, आणि टायटॅनियम ऑक्साइड, म्हणजे रंगातली पांढरी पूड, एकत्र घोटायचं आणि अकराशे अंशांवर भाजायचं. भाजताना कर्बवायू उडून जातो. शंभराचे चौऱ्याऐंशी उरले की समजायचं, जमलं.

कॉलेजची भट्टी दोन वर्षांपासून बंद होती आणि दुरुस्तीचा अर्ज सह्या गोळा करत फिरत होता. शेवटी मी सराफ बाजारात सुपडूनाना सोनारांकडे गेलो. सत्तरीचा माणूस, पण आगीचा रंग पाहून ती किती तापली आहे हे सांगणारा. नानांनी माझी पुडी माझ्यासमोर तोलली, चिठ्ठीवर शंभर लिहिलं आणि ती पुडीला बांधली. त्यांच्या दुकानात तोलल्याशिवाय काही आत जात नसे. वायू उडून जातो हे मी त्यांना सांगितलं नाही. सोनाराला कुठे रसायनशास्त्र शिकवत बसायचं, असं मला वाटलं.

तीन दिवसांनी पुडी परत आली. वजन शंभर ग्रॅम, गुंजभरही कमी नाही. म्हणजे वायू गेलाच नव्हता. मी दुसरं मिश्रण दुप्पट वेळ घोटलं, तरी शंभर. तिसरं नानांनी सहा तास भाजलं, तरी शंभर. मग मी नमुना पुण्याला मार्गदर्शकांकडे पाठवला. क्ष-किरणांच्या चाचणीत बेरियम टायटॅनेट होतं, शिवाय कसल्या तरी अनोळखी रेषा होत्या. मार्गदर्शक हर्षभरित झाले. वायू बाहेर न पडता आतच अडकून नवा पदार्थ तयार झाला आहे, असं त्यांनी कळवलं. हैदराबादच्या परिषदेत त्यांनी त्यावर निबंध वाचला, टाळ्या घेतल्या आणि माझ्या प्रबंधात एक प्रकरण वाढलं. मला शंका आली नाही असं नाही. पण मुदत जवळ आली की शंका गिळता येते.

प्रबंध बांधून आला, तोंडी परीक्षेची तारीख लागली आणि मी पेढे घेऊन नानांकडे गेलो. त्यांनी पुडा हातानेच मागे सारला.

"पेढा मंग लिसू, सर. पहिले मनं ऐकी ल्या," ते म्हणाले. "तुमनी पावडर पहिल्यांदाच सोळा ग्रॅम कमी भरनी. मना दुकानमा आसं कधी व्हयेल नही. मंग मी शंखजिरं टाकीसन वजन पुरं करं. दर येळे."

तो नवा पदार्थ किराणा दुकानातला होता.

नानांचं बोलणं संपलं नव्हतं. भट्टीजवळ त्यांच्याशिवाय एकच माणूस बसे, झिपरू, बावीस वर्षं त्यांच्याकडे असलेला कारागीर. चोर तोच, असं धरून तिसऱ्या पुडीनंतर नानांनी त्याला काढून टाकलं होतं. तो भडगावला शेतमजुरी करत होता, कारण चोरीचा डाग लागलेल्या कारागिराला कोणता सराफ दारात उभा करणार?

"नाना, कोणी चोरलं नाही," मी म्हणालो. "ती भुकटी तापली की तिच्यातला वायू उडून जातो. चौऱ्याऐंशीच भरायला हवी होती."

"तुमले हाई आधीच माहीत व्हतं?"

"होतं."

नानांनी भट्टी विझवली, दुकानाला कुलूप लावलं आणि गुडघे धरत एस.टी. स्टँडकडे निघाले. दुसऱ्या दिवशी झिपरू आपल्या जागेवर होता. बाजारात सांगतात, भडगावच्या चौकात चारचौघांदेखत नानांनी त्याचे पाय धरले.

मीही त्याच रात्री मार्गदर्शकांना पत्र लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं की परिषदेत वाचून झालेली गोष्ट आता मागे घेता येत नाही. खरं सांगतो, ते वाचून मला हायसं वाटलं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्या प्रकरणाचं विशेष कौतुक केलं.

आता मी धुळ्याला प्राचार्य आहे. प्रबंध ग्रंथालयात आहे. त्यातला शब्दही मी बदललेला नाही. मुलीच्या लग्नाचे दागिने करायला परवा सुपडूनानांच्या दुकानात गेलो. नाना आता नाहीत, गादीवर झिपरू बसतो. त्याने माझं सोनं माझ्यासमोर तोललं, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आटवताना यातलं काही कमी होणार असेल तर आत्ताच सांगून ठेवा."