बारवेतून चातीवर आलेला नारू

हे तुम्हाला पटणार नाही. सात वर्षं झाली, जवळा बाजारच्या आठवडी बाजारात कुणालाच पटलेलं नाही. तुम्हाला काय पटतंय.

नव्व्याण्णव साल. देशातला नारू खरंच संपला का, हे तपासायला देशोदेशीच्या डॉक्टरांची तुकडी आमच्या गावात येणार होती. नारू पायऱ्यांच्या विहिरीच्या पाण्यातून पसरतो, म्हणून एक जरी सापडला तर आमची पायऱ्यांची बारव बुजवणार, अशी बोलवा उठली. माझी साठ मेंढरं त्याच बारवेवर जगत होती. आणि नेमका माझ्याच पोटरीतून नारू डोकावला, पांढरा, दोऱ्यासारखा जंत.

नारू काडीवर गुंडाळायचा तो रोज बोटभर; ओढायचा नाही, हे शेंबडं पोरही जाणत होतं. पण जीप दुपारी येणार होती. मी शेवटच्या पायरीवर बसलो, पाय पाण्यात सोडला. पाणी लागलं की तो बाहेर येतो. काडी पुरणार नाही म्हणून लोकर कातायची चाती घेतली.

दोन हात झाला, दहा हात झाला, संपेना. चाती भरून फुगली. मग दिसलं, माझ्या पायातला केव्हाच सुटला होता. हा दोरा पाण्यातून वर येऊन राहिला होता.

मी हात थांबवला. चाती थांबली नाही. ती उलटी फिरू लागली, सावकाश. तळात कुणीतरी गुंडाळत होतं, अगदी माझ्यासारखंच, बोटबोटभर.

मागून खांद्यावर हात पडला. घाना देशाची डॉक्टरीण. तिच्या घोट्यावर नारूचा जुना वण होता. ती काहीतरी बोलली, तुकडीसोबतच्या आमच्या करुणा सिस्टरनं मराठीत सांगितलं, "त्यायच्याकडंबी काडीवरच गुंडाळतेत. म्हणतेत, सोडून द्या. त्याचं त्याला जाऊ द्या."

मी चाती सोडली. बुडताना पाण्यावर वलयसुद्धा उठलं नाही. बाईनं कागदावर लिहिलं, नारू नाही. बारव वाचली.

खोटं वाटतंय? त्या बघा करुणा सिस्टर, मेथी घेऊन राहिल्यात. त्यांनाच विचारा.

सिस्टरनं जुडी पिशवीत ठेवली.

"जळबामामा, त्या बाईसंग मी दिवसभर व्हते. तुमी आमाला बारव दावलीच न्हाई. हातपंपाचं पाणी पाजलं आन म्हणले, गावात दुसरं पाणीच न्हाई."