मासांबा गोड बोलला

ए, इकडं ये. ठेव ती पिशवी खाली. माणसं भरल्याशिवाय ही गाडी हलायची नाही, आणि अजून निम्मी रिकामी आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. आमच्या कायार गावातलीच आहे, मासळीइतकी ताजी. खोटी निघाली तर परत येऊन मला चार शिव्या घाल.

मांडोये न्जाय तुला माहीत नसेल तर दर्यावर कुणालाही विचार. एकेकाळचा मोठा तांडेल. आता गुडघे गेले, होडी धाकट्या पोरांच्या हाती दिली, आणि म्हातारा दिवसभर दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला अक्कल शिकवतो. पण दुपारचा नमाज झाला की त्याचं तोंड बंद आणि कान गल्लीकडं. कारण त्याच वेळेला मासांबा जोब यायचा.

मासांबा होड्या बांधणारा सुतार. मांडोयेची पहिली होडी त्याच्याच हातची. आता न्जाय आणि जोब आडनावाची माणसं समोरासमोर आली की थट्टेत एकमेकांची उतरवायचीच, हे काय तुला सांगायला पाहिजे? वाडवडिलांपासून चालत आलंय. न्जायाशी जोब नीट बोलला तर लोक विचारतात, काय रे, घरात कुणी गेलं का?

दाबा, म्हणजे मांडोयेची बायको, अंगणात चटई टाकून परात आणून ठेवायची. चिंच पिळलेला लाल भात, मधोमध मासा, भोवती कोबी, वांगं, गाजर. तेवढ्यात फाटकातून आवाज.

"अरे भातखाऊ न्जाय! काही ठेवलंस, का परातच गिळलीस?"

"आलं बघा हे! जोबांना देवानं डोकं द्यायचं होतं, तेही सगळं नाकातच भरलं. वास आला की हजर!"

"नाक आहे म्हणून तर कळतं, तुझ्या बायकोनं जेवण केलंय. तुला काय, तू वाळूसुद्धा पोटभर खाशील."

असं बडबडत मासांबा चपला काढायचा आणि मधे घुसायचा. "या, बसा" कुणी म्हणायचं नाही. सगळ्यांनी ढुंगण जरा सरकवलं की झाली जागा. दाबा बोटांनी मासा मोडायची आणि एकेक तुकडा ज्याच्या त्याच्या पुढ्यात ढकलायची. पोरांना बिनकाट्याचा, मासांबाला डोक्याकडचा. शेवटी टोपाच्या बुडाची खरवड यायची, आणि तिच्यावरून दोघं म्हातारे असे भांडायचे की शेजारची बकरी उठून जायची.

तर मांडोयेचा थोरला मुलगा बिराम. तो इटलीत, जेनोवात. बरीच वर्षं झाली, बांधकामावर राबतो. यंदा सुट्टीला आला आणि येताना डाकारहून ट्रकभर सामान घेऊन आला. ट्रकमधून काय उतरलं? टेबल! हे एवढं लांब, वर काच, भोवती खुर्च्या, गाद्यांवर प्लास्टिक तसंच. आणि खोकाभर ताटल्या, सोनेरी काठाच्या. सगळी गल्ली बघायला जमली.

"बाबा," बिराम म्हणाला, "आजपासून जमिनीवर बसायचं नाही. गुडघे मोडून उठताना मी बघितलंय तुम्हाला. राजासारखं बसून जेवायचं."

मांडोयेचे डोळे भरून आले. कुणाचे नाही येणार? पोरगं परदेशात विटा वाहतं आणि त्याच्या डोक्यात बापाचे गुडघे. म्हातारा जाऊन मधल्या खुर्चीत बसला. प्लास्टिक करकरलं. तो पाय हलवायलाही भ्यायला.

दुसऱ्या दिवशी दाबानं स्वयंपाकघरातच ताटल्या भरल्या. आणि झाली की सुरुवात! हिच्या ताटलीत तुकडा मोठा, त्याच्या ताटलीत नुसताच कोबी. परातीत कधी कुणाला दिसलं नव्हतं कुणी किती खाल्लं ते. पोरं काचेला तेल लागेल म्हणून आईचे रट्टे खात गप्प जेवत होती. तेवढ्यात फाटकातून हाक आली, नेहमीसारखीच तिखट. मांडोयेचा जीव भांड्यात पडला.

मासांबा आत आला. चपला काढल्या. मान वर करून बघतो, तर सगळ्या खुर्च्या भरलेल्या. सरकवणार काय? खुर्ची का सरकते ढुंगणाबरोबर?

बिराम ताडकन उठला. "काका, इथं बसा. मी नंतर जेवतो."

"नको बेटा, बस तू. मी जेवून आलोय." मासांबानं काचेवरून हात फिरवला, खाली वाकून टेबलाचे पाय बघितले. "फार सुंदर टेबल आहे. लाकूडही चांगलं आहे. मांडोये, अभिनंदन तुझं. अल्ला बरकत देवो."

आणि गेला.

मांडोयेनं हातातला घास ताटलीत परत ठेवला. उभ्या जन्मात मासांबा जेवून आलेला नव्हता. आणि उभ्या जन्मात त्यानं न्जायाच्या घरात एक गोड शब्द उच्चारला नव्हता. म्हातारा दाबाला हळूच म्हणाला, "ऐकलंस का? माझ्याशी सभ्य बोलला तो."

"ऐकलं," दाबा म्हणाली. तिचंही तोंड उतरलं.

त्यानंतर मासांबा फिरकला नाही. मांडोयेनं नातीच्या हाती झाकून ताटली पाठवली. ती धुऊन पुसून परत आली, वर निरोप, "आभारी आहे म्हणून सांग."

"आभारी!" म्हातारा उखडला. "मी काय त्याचा सावकार आहे?"

बिरामला वाटलं, खुर्ची कमी पडली, एवढंच. तो गेला आणि तशीच आणखी एक घेऊन आला. मांडोये काठी टेकत स्वतः बोलवायला गेला. मासांबा वाळूत एका अर्धवट रंगवलेल्या होडीला कुंचल्यानं रंग देत होता.

"उद्या जेवायला ये. तुझ्यासाठी वेगळी खुर्ची आणलीय."

मासांबानं कुंचला खाली ठेवला. "मांडोये, आजवर तू मला कधी बोलवलं होतंस?"

"नाही."

"मग? बोलावणं पाहुण्याला असतं. माझी खुर्ची, माझी ताटली. मी गेलो नाही तर ती रिकामी दिसणार, गेलो तर भरलेली दिसणार. म्हणजे मी रोज हिशेबात. तुझ्या घरात मी माणूस होतो, आता पाहुणा झालो. पोराचा काही दोष नाही. त्याला सांगू नकोस." आणि पुन्हा रंग द्यायला लागला. एकही शिवी न देता!

म्हातारा घरी आला, रात्रभर कूस बदलत राहिला. पोराला काय सांगणार? तुझं टेबल नको? ज्यानं इतकी वर्षं एकेक पैसा जमवून ते आणलं, त्याच्या तोंडावर? आणि नाही सांगावं, तर मासांबा जातो हातचा. या वयात दुसरा मासांबा कुठून आणायचा? बाजारात मिळतो होय?

दुसऱ्या दिवशी दुपारी दाबानं ताटल्या मांडल्या तर मधली खुर्ची रिकामी. मांडोये घरात नाही, नमाजाच्या जागी नाही. बिराम घाबरला. झाकलेली ताटली हातात घेऊन गल्लोगल्ली बापाला शोधत सुटला.

मासांबाच्या फाटकाशी येतो, तर आतून आरडाओरडा.

"हा भात आहे का चिखल? जोबांच्या घरी कुणाला रांधता येत नाही, म्हणून तू माझ्याकडं मरायला यायचास!"

"मग ऊठ की! गुडघे गेलेत ना तुझे? आलास कसा न बोलवता, निर्लज्जा? सूनबाई, परात लांब कर, हा परातीचा काठसुद्धा चावेल!"

बिरामनं डोकावलं. बाप जमिनीवर, एक पाय लांब केलेला, एक दुमडलेला, भाताचा गोळा हातात, आणि हसून हसून डोळ्यांतून पाणी. आल्यापासून बापाचं असं हसणं त्यानं बघितलं नव्हतं.

मांडोयेनं त्याला पाहिलं आणि हसू तिथंच गोठलं.

मासांबानंच तोंड उघडलं. "बघतोस काय, टोळभैरवा? दारात उभा राहून घास मोजतोस? बापावरच गेलाय. चपला काढ!"

बिराम ताटली ओट्यावर ठेवून बसला. पहिलाच हात घातला आणि बोटं भाजली. "आई गं!"

"अरे, भात गरम असतो हे विसरला हा! तिकडं बर्फ खातात वाटतं?"

सगळे हसले. मासांबानं मासा मोडला, पोटाकडचा मऊ तुकडा बिरामच्या पुढं ढकलला. बिराम बराच वेळ चावत राहिला.

"मिरची लागली का?" मांडोयेनं विचारलं.

"नाही बाबा." त्यानं मान वर केली नाही. "तिकडं मी रोज टेबलावरच जेवतो. समोर भिंत असते. मला वाटायचं, माझी माणसं भोवती नाहीत म्हणून ते टेबल खायला उठतं. म्हणून तुम्हाला मोठं घेतलं."

मांडोयेनं पोराच्या पुढ्यात एक वांग्याची फोड ढकलली. मासांबानं खरवडीतला सगळ्यात मोठा तुकडा उचलला, मांडोयेच्या नाकासमोर नाचवला आणि बिरामला दिला.

टेबलाचं विचारतोस? आहे की. मांडोये कुणाला विकू देत नाही, पोराच्या घामाचं आहे म्हणतो. ईदला त्यावर सरबत मांडतात. एरवी परात चटईवर. बिराम जायच्या दिवशी म्हणाला, "बाबा, उठायला त्रास होतो तुम्हाला." म्हातारा म्हणाला, "अरे, उठवायला जोब आहे की. शिव्या देत उठवतो, पण उठवतो."

बरं, गाडी भरत आली बघ. तू जेनोवालाच चाललायस म्हणे, आणि आडनाव तुझं जोब. म्हणजे न्जायांच्या घरी तुझा हक्कच आहे. तर एक काम कर माझं. बिराम बंदराच्या मागं एका खोलीत राहतो, आपल्याकडचा कुणीही पत्ता सांगेल. जेवायच्या वेळेला जा. जाताना काही नेऊ नकोस, आधी कळवू नकोस, आणि देवाशपथ, गोड बोलू नकोस. जिन्यातूनच चांगली सणसणीत शिवी घाल, तुझी तू शोधून काढ, आणि त्यानं बस म्हणायच्या आत बस.