खोबरेल

दामाजींनी रायफलीच्या नळीला पुन्हा डोळा लावला. आत काळं कडं दिसत होतं. चौथी चिंधी ओढून झाली, तरी ते जागचं हललं नव्हतं.

डोंबिवलीच्या त्या कॉलेजात एनसीसीच्या कोठीवर एकवीस वर्षं काढलेला हा माणूस. स्वतःची दाढी चार दिवस राहील, पण रायफलीची नळी कशी लख्ख! जुनी पॉइंट टू टू बोअरची, कॉलेजकडे उरलेली एकटीच. अकरा वाजता सुभेदार तपासणीला येणार होते. नळीत गंजाचे खड्डे दिसले की रायफल बाद, मुलींची नेमबाजी बंद. आणि दामाजींच्या निवृत्तीला उरले होते बारा दिवस.

त्यातून चूक त्यांचीच. पावसाळ्याच्या तोंडावर बंदुकीच्या तेलाचा डबा संपला आणि नवा मागवायचं ते साफ विसरले. मग गंजाच्या धास्तीने घरची खोबरेलाची बाटली आणून नळीला पाजली होती. बायकोच्या केसांना मानवतं ते हिला का मानवू नये, असा आपला सरळ विचार!

त्यांनी खडवलीला घरी फोन लावला.

"अगं, बंदूक गेली बघ. गंजली."

"माझं तेल घातलेलं ना तिला?" कलावतीबाई म्हणाल्या. "मग गंज कसला? साकळलं असेल ते. माझी बाटली नाही का चिकट होत? सोडा घालून उकळतं पाणी ओता नि ब्रश फिरवा."

"बंदुकीत पाणी? वेडीबिडी झालीस काय?"

"तेल ओतताना विचारलेलं मला?"

दामाजींनी फोन ठेवला. कँटीनमधून किटलीभर उकळतं सोड्याचं पाणी आणलं, नळीमागचा सरकता बोल्ट काढून तिथे नरसाळं लावलं आणि देवाचं नाव घेऊन ओतलं. नळीच्या तोंडातून काळपट, चिकट ओघळ बाहेर आला. मग तारेचा ब्रश, मग कोरड्या चिंध्या. नववी चिंधी पांढरी निघाली. शेवटी उशिरा का होईना आलेल्या नव्या डब्यातलं बंदुकीचं तेल, हलक्या हाताने.

सुभेदारांनी नळीच्या मागे अंगठ्याचं नख धरलं आणि त्यावरचा उजेड तोंडाकडून पाहिला. मग नाक जवळ नेलं.

"वास कसला येतोय, दामाजी?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण जीभ वळेना.

"खोबरेलाचा, साहेब. मीच घातलेलं. आज धुऊन काढलं."

सुभेदारांनी पेनाचं टोपण काढलं. मग वहीत लिहिलं, 'नळी स्वच्छ.'

"खड्डा एकही नाही. पण यापुढे केसांचं तेल केसांनाच."

ते गेले तसे दामाजी स्टुलावर टेकले. जीव इतका हलका झाला होता की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी घरी फोन करून एवढंच सांगितलं, "राहिली गं."

मग एक पुठ्ठा कापला, वळणदार अक्षरात दोन ओळी लिहिल्या आणि बारा दिवसांनी येणाऱ्या माणसासाठी तो रायफलीच्या पट्ट्याला बांधला.

'हिला खोबरेल घालू नये. मी घालून पाहिले आहे.
– दामाजी भोईर'