छतातल्या दिव्याखाली आक्का

भाद्रपदातले ऊन कलले, की निपाणीच्या आमच्या घरात तंबाखूच्या उग्र दर्पावर ताज्या भाकरीचा वास चढे आणि त्याच्यामागून आक्काच्या काकणांचा आवाज येई. दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणे व्हायला हवीत, म्हणून त्या घटकेला तिच्या हातांना विलक्षण वेग यायचा, एरवी मात्र ती इतकी सावकाश चाले, की आमचे वडील, आप्पा, चिडवत, "हिच्या म्होरनं मुंगीबी निघून जाईल." मुंगी पुढे जावी म्हणूनच ती थांबते, हे त्यांनाही ठाऊक होते. जैनांच्या घरात अहिंसा सगळेच सांगतात. माझी ही थोरली बहीण ती बोटांनी, पावलांनी, श्वासानेसुद्धा पाळत असे. मला तिचा अभिमान वाटे आणि खरे सांगायचे तर कधीकधी वैतागही येई.

आप्पांनी कुणा साहेबाकडून घेतलेली जुनी मोटार आमच्या दारात उभी असे. तिच्या छतात काचेच्या वाटीखाली एक दिवा होता. दार उघडले की तो आपोआप लागे, आणि पावसाळ्यात त्याच्या तापल्या काचेवर चिलटे नि पाखरे येऊन मरत. सासरहून पहिल्या बाळंतपणाला आलेल्या आक्काने चातुर्मास लागताच मला तो दिवा बंद करायला सांगितले. त्यातला नवा गोळा, म्हणजे बल्ब, मीच नुकता हौसेने बसवला होता. मी हसण्यावारी नेले. ती पुन्हा देवाच्या वाती वळायला बसली.

दिवस भरायला अवकाश असताना भाद्रपदातल्या एका तिसऱ्या प्रहरी तिच्या अंगावरून रक्त जाऊ लागले. गावच्या डॉक्टरांनी बेळगाव गाठायला सांगितले आणि आईला बजावले, की कापड भिजले की लगेच बदला, आणि हिचे डोळे मिटू देऊ नका. आप्पा परगावी होते. मी मोटार चालवायला बसलो. आईने मागे आक्काचे डोके मांडीवर घेतले. संकेश्वर मागे पडेपर्यंत पश्चिमेला थोडी लाली होती. मग ढग खाली उतरले, दोन्ही बाजूंची शेते काळोखात बुडाली आणि आक्काचे कण्हणेही हळूहळू विरत गेले.

"दिवा लाव रं बाळू, हिचं तोंड दिसंना मला," आई म्हणाली. मी खटका फिरवला. दिवा लागला नाही. मोटार थांबवून दार उघडले, तरीही नाही. तो किती दिवसांपासून लागत नव्हता कोण जाणे. दिवस मावळायच्या आत घरी परतणाऱ्या आम्हा लोकांच्या ते ध्यानातच आले नव्हते.

भीती काय असते ते मला त्या रस्त्याकडेला कळले. मोटारीच्या समोरच्या दिव्यांच्या रस्त्यावरून परतलेल्या उजेडात मी फ्यूज काढून पाहिला; तो शाबूत होता. दाराच्या चौकटीतला खटका खिळ्याने खरवडला. छताचे कापड चाकूने उसवून तार चाचपली. ती कुठेही तुटलेली नव्हती. गोळा नवा, म्हणून त्याच्याकडे मी बघितलेही नाही. काढलेले स्क्रू हातातून निसटत होते, आणि मागे आई एकसारखी विचारत होती, "आक्का, जागी हाईस न्हवं? बोल की गं." काडी ओढावी तर पेटी दमट. माझी बहीण हातभर अंतरावर मरत असेल आणि मला ते दिसणारही नाही, या विचाराने मी पुन्हा तीच तार चाचपू लागलो.

तेव्हा अंधारातून तिचा बारीक आवाज आला. "बाळू... काच काढ. वात घातलीया मी."

काच फिरवून काढली. देवापुढच्या निरांजनासाठी वळतात तशी कापसाची मऊ, नेटकी वात गोळ्याच्या बुडाशी दडवलेली होती. तिच्यामुळे गोळा तळाला टेकतच नव्हता. मी ती उपसली, गोळा दाबून बसवला, आणि पिवळा उजेड आक्काच्या तोंडावर पडला. ते पांढरेफटक होते. खालचे लुगडे काळेशार भिजलेले. आईने भराभर कापडे बदलली, पोटाशी घट्ट बांधले. खिडकीच्या पडद्याच्या फटीतून पाखरे आत शिरली आणि काचेवर आपटू लागली.

"विझव रं," आक्का पुटपुटली.

जन्मात दिवेलागणीनंतर घास न घेतलेली माझी आई तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "न्हाय. ऱ्हाऊ दे लागलेला. काय पाप लागंल ते मला लागू दे." मी मोटार सोडली. वंटमुरीच्या घाटात प्रत्येक वळणावर मान वळवून मी तिच्या पापण्या हलतात का ते बघत होतो आणि रस्ता कसा निभावला ते मला आजही सांगता येणार नाही.

आक्का वाचली. बाळ वाचले नाही. मुलगा होता.

सुतक फिटल्यावर तिने उपास धरले. अंगात रक्त नाही, उभे राहिले की झोक जातो, आणि ही पाण्यावर. आई रडली, आप्पांनी समजावले, शेवटी मी चिडून विचारले, कुणासाठी चाललेय हे? ती म्हणाली, त्या दिव्यावर मेलेल्या पाखरांसाठी. मग कितीतरी वेळ रित्या ओटीवरचा पदर नीट करीत बसली आणि माझ्याकडे न बघता बोलली, "त्याच्यासाठी काय करायचं असतंय ते मला कुणी सांगंना, बाळू. पाखरांसाठी उपास करायचा असतोय, एवढं तरी ठावं हाय."

आता आक्का नाही, आणि माझे केस पिकून गेले. काळ माणसांना नेतो तेव्हा त्यांच्या मागे आम्ही काय करावे हे त्यानेही कधी कुणाला सांगितलेले नाही. म्हणून भाद्रपद आला की मी आक्कासाठी एक दिवस उपाशी राहतो; एवढे तरी मला ठाऊक आहे.