बायको पंच असताना

जयवंत तोंडवळकरने सिगारेट सोडली, ही बातमी लालबागच्या त्या टॉवरमध्ये सगळ्यांनी आनंदाने ऐकली. समोरच्या मीराबाईंनी तर देवापुढे साखर ठेवली. एकट्या त्याच्या बायकोने, सीमाने, ती मानायला साफ नकार दिला.

नकाराचं कारण जयवंतच्या शर्टाच्या खिशातच होतं. सिगारेटच्या पाकिटाच्या जागी तिथे आता एक निळा, आंब्याच्या वासाचा व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, आला होता. पेनापेक्षा जाड, टोकाला बारीक दिवा, आणि मोबाइलसारखा चार्जिंगला लावायचा. घरात त्याला 'नळी' असं नाव पडलं. बँकेत जयवंतच्या शेजारी बसणारा राजस ती कुठूनतरी आणून द्यायचा. आपल्याकडे ही वस्तू विकायलाच बंदी आहे, त्यामुळे ती कुठूनतरीच येते. "काका, ह्यात धूर नाही, नुसती वाफ," असं राजसने सांगितलं होतं. आपल्याला जे ऐकायचं असतं तेच सांगणारा माणूस भेटला की तो डॉक्टरपेक्षा हुशार वाटतो, तसा जयवंतला राजस वाटला.

आता हे सोडायचं खूळ त्याच्या डोक्यात कुठून शिरलं, ते सांगायला हवं. लालबागच्या त्याच्या कबड्डी मंडळाला पंच्याहत्तर वर्षं होत होती आणि त्यानिमित्त जुन्या खेळाडूंचा कबड्डीचा सामना ठरला होता. समोर परळचं मंडळ, म्हणजे मैदानात जन्माचे वैरी आणि लग्नात एकमेकांच्या पंगतीला वाढणारे. जयवंत एके काळी आपल्या मंडळाचा चढाईचा गडी होता. कबड्डीत चढाईला गेलेल्याने एकाच श्वासात, ऐकू येईल असं 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं असतं. त्याला दम म्हणतात. मध्येच श्वास घेतला की दम गेला आणि गडी बाद. जयवंत समोरच्या अंगणात शिरला की कडेला बसलेली पोरंही त्याच्याबरोबर श्वास रोखून धरायची आणि लालबुंद होऊन त्याच्या आधीच सोडून द्यायची. त्या दमावर त्याला बँकेत नोकरी लागली आणि त्याच दमावर दादरच्या मुलींच्या संघातली सीमा भाळली. ती पकडीची खेळाडू. एकदा धरलं की सोडायचं नाही ही तिची खासियत जयवंतला लग्नानंतर नीट कळली.

पुढे त्याचा गुडघा गेला, खेळ सुटला, आणि बँकेच्या गेटवर उभं राहून सिगारेट जडली. सीमाने मात्र मैदान सोडलं नाही. परीक्षा देऊन ती पंच झाली. गळ्यात शिट्टी अडकवून ती पार कुठल्या कुठल्या गावांना सामने घ्यायला जायची, आणि तिने दिलेला निर्णय कुणाच्या ओरडण्याने फिरला असं कधी झालं नाही.

"सिगारेट सोडली मी," जयवंतने तिला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत बसली होती. "सामन्यात चढाईला जाणार."

"दम ऐकव," सीमा मान वर न करता म्हणाली. "दम ऐकला की मानेन."

ह्या एवढ्याशा वाक्याने जयवंत पेटला. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे तो मैदानात धावायला गेला आणि त्यानंतर एक दिवस चुकला नाही. पोट आत गेलं. खोकला खरंच कमी झाला, ते नाकारण्यात अर्थ नाही. कुर्ल्यांच्या कालवणाचा वास पुन्हा नाकाला जाणवायला लागला. जिन्याने वर येताना तो मुद्दाम मोठ्याने 'कबड्डी कबड्डी' म्हणत यायचा, आणि मजल्यामजल्यावरची दारं उघडून लोक बघायचे.

पण नळीचंही आपलं एक वागणं होतं. सिगारेट ओढायची तर सतराव्या मजल्यावरून लिफ्टने खाली जावं लागे, गेटबाहेर उभं राहावं लागे, आणि थोड्या वेळात ती विझे. नळी विझतच नसे. न्हाणीघरात नळी, गॅलरीत नळी, बातम्या बघताना नळी. धावून आला की चपला काढायच्या आत खिशात हात. सकाळी डोळे उघडायच्या आधी त्याची बोटं उशीखाली चाचपायला लागत.

"बाबा, तुझ्या उशीला आंब्याचा वास येतोय," त्याची मुलगी अक्षदा एकदा म्हणाली.

"मग चांगलं आहे की. आधी कसला यायचा?"

अक्षदाने आईकडे पाहिलं. आई काही बोलली नाही. सीमाचं हे न बोलणं जयवंतला फार झोंबत असे. भांडली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं, आणि उत्तरं तर त्याच्याकडे चिक्कार तयार होती.

म्हणून सामन्याच्या बैठकीत पंच कोण हा प्रश्न निघाला तेव्हा जयवंतच उठून म्हणाला, "सीमा."

त्याचा जुना जोडीदार बंडू कपाळाला हात लावून बसला. "अरे, स्वतःच्या बायकोला पंच कोण करतं? परळवाले काय म्हणतील?"

परळचा कुशाबा तिथेच चहा पीत होता. एके काळी ह्याच कुशाबाने जयवंतचा घोटा धरून त्याला मातीत लोळवलं होतं. तो म्हणाला, "आमची काय हरकत नाय. वहिनी नवऱ्याला पण सोडायच्या नाहीत, आमका म्हायत हा."

सगळे हसले. जयवंतही हसला. त्याला हेच हवं होतं. पंच चढाईच्या अगदी जवळून चालतो, गड्याचा दम त्याच्याइतका दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही. सीमाने दोन हातांवरून आपला दम ऐकावा, पूर्ण ऐकावा, आणि सगळ्या मंडळासमोर शिट्टी न वाजवता तो मान्य करावा, एवढ्यासाठी ह्या माणसाने इतके महिने माती तुडवली होती. सामना हरला तरी चालेल, पण सीमाने मानलं पाहिजे.

सामन्याच्या दिवशी मैदान भरलं. म्हाताऱ्यांचा खेळ म्हणून मॅट न टाकता मातीच ठेवली होती. पोटं सुटलेले, टक्कल पडलेले, गुडघ्याला पट्टे बांधलेले गडी जर्सी चढवून उतरले तेव्हा लोकांनी हसून घेतलं, पण खेळ सुरू झाला तसं हसू मावळलं. जयवंतने पहिल्या डावात छान गुण आणले. प्रत्येक चढाईला सीमा पांढऱ्या कपड्यांत, शिट्टी ओठांत धरून, त्याच्या बाजूने सरकत होती. दोघांची नजर एकदाही मिळाली नाही. पंच नजर मिळवत नसतो.

मधल्या सुटीत सगळे लिंबू चोखत बसले. जयवंत मात्र मंडपाच्या मागे गेला आणि घाईघाईने नळी ओढून आला. दोन-चार झुरके, एवढंच. हात स्थिर व्हायला हवा, असं त्याने स्वतःला सांगितलं.

शेवटच्या चढाईला दोन्ही संघ बरोबरीत होते. चढाई लालबागची, आणि बंडूने जयवंतच्या पाठीवर थाप मारली. मैदानभर आरडाओरडा चालला होता, लाऊडस्पीकरवर कुणीतरी जयवंतचं नाव घेऊन गळा काढत होतं. जयवंतने छाती भरली आणि रेषा ओलांडली. कबड्डी कबड्डी कबड्डी. कोपऱ्यातला कुशाबा वाकून त्याच्या घोट्यावर टपला होता. जयवंतने झुकांडी दिली, वळला, आणि त्याच्या खांद्याला बोटं लावली. गुण होता, फक्त परत यायचं होतं. आणि परतीच्या वाटेवर, मधली रेषा समोर दिसत असताना, त्याची छाती रिकामी झाली. आतून काहीतरी आवळल्यासारखं झालं. जिभेने 'कबड्डी' चालूच ठेवलं, पण दोन शब्दांच्या मध्ये त्याने एक घोटभर हवा आत ओढली. इतकी थोडी की स्वतःच्या कानालाही ऐकू येऊ नये. मग त्याने उडी मारून रेषा गाठली.

लोक नाचायला लागले होते, तेवढ्यात शिट्टी वाजली.

सीमाने हात वर करून त्याला बाद दिलं. गुण परळला गेला आणि तिथेच सामना संपला.

बंडू तरातरा तिच्यापुढे आला, त्याच्यामागून आणखी तिघे-चौघे. "वहिनी, काय ऐकलंत तुम्ही? मी इथे कडेला होतो. मला काय ऐकू नाय आलं."

"मला आलं," सीमा म्हणाली.

"एवढ्या गोंगाटात?"

"हो."

"मग घरचं भांडण घरी ठेवायचं की. मैदानात कशाला काढता?"

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. सीमा नुसती सरळ उभी राहिली, जशी ती गावोगावच्या मैदानांत शिव्या खाताना उभी राहत आली होती. तिने जयवंतकडे पाहिलंसुद्धा नाही.

जयवंत मातीत गुडघ्यावर हात टेकून उभा होता. त्याला तिचा राग आला होता, खराखुरा राग. आजच्या दिवस सोडलं असतं तर काय बिघडलं असतं? कुणालाही कळलं नसतं. गप्प राहिला तर अजूनही कळणार नव्हतं. लोक म्हणतील, बिचाऱ्याला बायकोने मारलं. सामना हरूनही तो हिरो झाला असता. आणि ती? इतक्या वर्षांत तिच्या शिट्टीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, ते आज त्याच्यामुळे ठेवलं जात होतं, तेही त्याच्याच आग्रहावरून तिथे उभी असताना. त्याला स्वतःची एवढी लाज वाटली की राग कुठल्या कुठे गेला.

"बंडू, दम गेला होता," तो म्हणाला.

"अरे, तू गप. तुला काय—"

"गेला होता. मी चोरून श्वास घेतला. तिने बरोबर दिलंय."

बंडू मागे सरला आणि मग हळूहळू सगळे पांगले. कुशाबाने येऊन जयवंतच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे जयवंतने मनातून आभार मानले.

घरी आल्यावर सीमाने जर्सी बादलीत भिजत घातली. जयवंत न्हाणीघराच्या दारात उभा राहिला.

"तुला ऐकू कसं आलं?" त्याने विचारलं. "मलासुद्धा आलं नाही."

सीमाने हात पुसले. "माझे बाबा गिरणीत होते आणि सुटी झाली की बिडी. शेवटी शेवटी मी त्यांच्या उशाशी बसून नुसता श्वास ऐकायची. एक झाला की पुढचा येतोय की नाही, ह्यावर कान. तेव्हापासून मला श्वास ऐकू येतो, जयवंत. कुणाचाही. तुझा तर झोपेतही येतो." तिने बादली बाजूला सारली. "सिगारेट निदान खाली ठेवून वर यायचास. ही नळी घरात राहायला आली. आंब्याचा वास आहे म्हणून मी काय तिला पाहुणी म्हणू?"

जयवंतने खिशातून नळी काढून तिच्यासमोर धरली. "घे. तू ठेव."

"मी नाही ठेवणार. मी मैदानात पंच आहे, घरात नाही."

नळी टाकायची तर कुठे, हाही प्रश्नच होता. ओल्या कचऱ्यात की सुक्या, ह्यावर अक्षदाने बापाला चांगलं सुनावलं. आत बॅटरी असते, तिची जागा गेटजवळच्या ई-कचऱ्याच्या पेटीत. जयवंत लिफ्टने खाली गेला आणि बंद पडलेल्या रिमोट-चार्जरांच्या ढिगात त्याने ती टाकून दिली.

पुढचे दिवस वाईट गेले. तो वॉचमनशी भांडला, राजसशी बोलायचा बंद झाला, मीराबाईंनी कौतुकाने आणलेल्या लाडवाला नाही म्हणाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने दिलेल्या च्युइंगमवर दात आवळून त्याने एकेक दिवस ढकलला. रात्री बोटं उशीखाली जायची आणि रिकामी परत यायची. पण पहाटेचं मैदान त्याने सोडलं नाही.

मग एका पहाटे त्यानेच सीमाला उठवलं. "चल. शिट्टी घे."

मैदानात कुणी नव्हतं. जयवंतने टाचेने मातीत रेषा ओढली. सीमा शिट्टी ओठांत धरून बाजूला उभी राहिली. त्याने छाती भरली, रेषा ओलांडली आणि रिकाम्या अंगणात चढाईला निघाला. कबड्डी कबड्डी कबड्डी. सामन्यात गेला होता त्याच्या निम्म्यावरही पोचला नसेल, तोच छाती रिकामी झाली. आणि एक बारीकसा श्वास, ऐकू न येण्याइतका, पुन्हा चोरून आत आला.

जयवंत जागच्या जागी थांबला आणि त्याने स्वतःच हात वर केला.

"गेला," तो म्हणाला.

सीमाने शिट्टी वाजवली नव्हती. वाजवण्याआधीच त्याचा हात वर गेला होता. मग तिने ओठांतली शिट्टी काढली, गळ्यातली दोरी उतरवली आणि दोन्ही पिशवीत ठेवून दिली.

"शिट्टी नको?" जयवंतने विचारलं.

"आता कशाला?" सीमा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसले नाहीत. "तू सांगतोयस की."

जयवंत रेषेमागे परत गेला आणि पुन्हा छाती भरायला लागला.